मेस्मा आणि मास्तर

५ डिसेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील पुष्कळ शाळा बंद राहिल्या. सेवेत असलेल्या शिक्षकांवर आलेली पात्रता परीक्षेची सक्ती आणि संचमान्यतेचे नवे निकष ही या बंदची प्रमुख कारणे होती. बंद एका दिवसाचा होता. परंतु तेवढ्यातही शहरातील सुशिक्षितांच्या बैठकींतून जो उद्गार ऐकू आला तो आमच्या परिचयाचा आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षक सात दिवस संपावर गेले तेव्हाही तो ऐकू आला होता, आणि २०१३ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला तेव्हाही आला होता. 'यांना एकदा मेस्मा लावा, म्हणजे येतील वठणीवर!' शिक्षण ही अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर करावी आणि शिक्षकांच्या संपास कायद्याने कायमची बंदी घालावी, असे आता एरवी तोलून बोलणारी माणसेही म्हणू लागली आहेत. मागणी रागातून आलेली असली तरी तिचा विचार रागाने करून भागणार नाही.

अत्यावश्यक सेवांचा कायदा कशासाठी असतो? पाणी, वीज, दूध, रुग्णालये, वाहतूक यांसारखी कामे थांबली तर समाजाचे दैनंदिन जीवनच ठप्प होते, म्हणून ती चालू ठेवण्याचा असाधारण अधिकार सरकार आपल्या हाती घेते. संप बेकायदा ठरतो. संप करणारा आणि त्याला चिथावणी देणारा असे दोघेही अटकेस व शिक्षेस पात्र होतात. मार्च २०२३ चा संप ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी, म्हणजे १४ मार्चला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या कायद्याचे नवे विधेयक संमत केले, हे वाचकांस स्मरत असेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अत्यावश्यक सेवेची कसोटी अशी घातली आहे की, जी बंद पडली असता लोकांच्या जीवितास, सुरक्षिततेस किंवा आरोग्यास धोका पोहोचतो ती सेवा अत्यावश्यक. या काटेकोर अर्थाने शिक्षण त्यात बसत नाही. त्याच संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने १९६६ साली शिक्षकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यातही वाटाघाटीचे सर्व मार्ग खुंटल्यावर इतर संघटनांना जे उपाय मोकळे असतात ते शिक्षकांच्या संघटनांनाही असावेत, असे म्हटले आहे.

तथापि, एवढ्यावर हा प्रश्न निकालात काढणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रुग्णालय बंद पडले तर माणूस त्याच रात्री दगावतो. शाळा बंद पडली तर कोणी दगावत नाही, हे खरे. परंतु ही तुलना ज्याच्या घरी पुस्तके आहेत, आई शिकलेली आहे आणि संध्याकाळी शिकवणी आहे अशा मुलापुरती खरी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत शाळेचे आठ दिवस म्हणजे केवळ आठ धडे नव्हेत. त्याला दुपारी मिळणारी खिचडी त्या आठ दिवसांत मिळत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेतील आहाराचा हक्क दिला आहे; पुढे २०१५ च्या नियमांनी, आहार न मिळाल्यास त्याबद्दल भत्ता द्यावा आणि सलग तीन दिवस तो न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करावी, असेही ठरविले. नियम चांगला आहे. परंतु संपाच्या दिवसांतील खिचडीबद्दल कोणी कोणाची जबाबदारी निश्चित केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पाचवी-सहावीतील मुलगी आठ दिवस घरी राहिली की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे येते, आणि एकदा आलेले काम शाळा उघडली म्हणून सुटतेच असे नाही. काही वर्षे आम्हीही वर्गावर हजेरी घेतलेली आहे. दिवाळीच्या सुटीनंतर हजेरीपटावरील एखाद्या नावापुढे लागोपाठ 'गै' पडू लागतो, आणि महिनाभराने ते नाव वाचताना मास्तरच किंचित थांबतो, हा अनुभव ज्याने घेतला आहे तो 'शाळा बंद राहिल्याने काय बिघडते?' असे कधी म्हणणार नाही.

तेव्हा शिक्षण अत्यावश्यक आहे की नाही, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ते आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे: ते केव्हापासून अत्यावश्यक झाले?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. त्या बंद करणे त्या वेळी अपरिहार्य होते, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु मे महिन्यात मद्याची दुकाने उघडली. पुढे यथावकाश उपाहारगृहे उघडली, बाजार उघडले, लग्ने लागू लागली. आणि शहरातील प्राथमिक शाळेच्या मुलाने वर्गाचे तोंड पुन्हा पाहिले ते मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर. त्या काळात अत्यावश्यक सेवांच्या याद्या दर पंधरवड्याला निघत आणि त्या आम्हीच छापत होतो. त्यांत शाळेचे नाव आम्हांस दिसले नाही. मास्तरांचे नाव मात्र होते. तपासणी नाक्यावर उभे राहणे, घरोघरी सर्वेक्षण करणे, शिधावाटपाच्या दुकानापुढील गर्दी आवरणे या कामांसाठी शिक्षक अत्यावश्यक होते. मुलांना शिकविण्यासाठी नव्हते. आज शिक्षणाच्या अत्यावश्यकतेविषयी जे कळवळून बोलतात, त्यांनी तेव्हा किती वेळा तोंड उघडले होते?

यापेक्षाही बोलके उदाहरण अंगणवाडीचे आहे. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी मानधनवाढीसाठी सुमारे महिनाभर संप केला. सेविकेचे मानधन त्या वेळी महिना ५,००० रुपये होते. या बायका सरकारच्या लेखी नोकर नाहीत, त्या 'मानसेवी' आहेत. म्हणून त्यांना वेतनश्रेणी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, असे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मार्च २०१८ मध्ये याच सरकारने त्यांना मेस्मा लावला. विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि आठवड्याभरात त्या आदेशास स्थगिती द्यावी लागली. पण त्या आठवड्यापुरते का होईना, एक विलक्षण तत्त्व महाराष्ट्रात अमलात होते. पगार मागताना जी बाई नोकर नसते, ती काम थांबविताना मात्र नोकर असते, इतकेच नव्हे तर अत्यावश्यक नोकर असते! मेस्मा लावा म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांनी या उदाहरणावर घटकाभर विचार करावा, अशी आमची विनंती आहे. कायदा कोणाच्या हातात पडतो आणि तो कोणावर उगारला जातो, हे त्यावरून कळते.

न्यायालयांचा कौल शिक्षकांच्या बाजूने नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कारण संघटनांचे पुढारी सभांतून संपाच्या 'मूलभूत हक्का'ची भाषा सर्रास वापरतात. बिहार सरकारच्या एका नियमासंबंधीच्या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततामय निदर्शनांचा हक्क मान्य केला, पण संपाचा मूलभूत हक्क मानला नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली त्याच न्यायालयाने असे ठरविले की, शाळा हा 'उद्योग' असला तरी तेथे शिकविणारी व्यक्ती औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. म्हणजे कामगाराला त्या कायद्याने मिळणारे संरक्षण तिला नाही. पुढे २००३ साली तामिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १,७०,००० कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना एका फटक्यात बडतर्फ केले. ते प्रकरण दिल्लीस गेले तेव्हा न्यायालयाने बहुतेकांना परत घेण्यास सरकारला राजी केले, परंतु सरकारी नोकरास संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक असा कोणताही अधिकार नाही, असेही बजावले. पुढल्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत त्या राज्यातील सत्ताधारी पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ती केवळ या संपामुळे गेली असे आम्ही म्हणत नाही. पण पावणेदोन लाख कुटुंबांना एका रात्रीत रस्त्यावर आणणे ही राज्यकारभाराची शहाणी रीत नव्हे, हे त्यानंतर कोणत्याही सरकारच्या ध्यानात राहिले असावे, कारण तसा प्रयोग पुन्हा झाला नाही.

संपबंदीचे समर्थक जर्मनीचा दाखला देतात. दाखला खरा आहे. जर्मनीत सरकारी अधिकारीपदाचा दर्जा असलेल्या शिक्षकांना संप करता येत नाही. तेथील घटना न्यायालयाने २०१८ साली ही बंदी उचलून धरली आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये ती मान्य केली. परंतु दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा. त्या शिक्षकांची नोकरी आजन्म आहे. त्यांच्या दर्जास साजेसे वेतन आणि वृद्धापकाळी निवृत्तिवेतन देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य मानले जाते, आणि ते पाळले गेले नाही तर शिक्षक न्यायालयात जाऊन ते मिळवू शकतो. म्हणजे तेथे एक करार आहे: तू काम थांबवायचे नाहीस, मी तुला वाऱ्यावर सोडायचे नाही.

आपल्याकडेही, अलिखित का होईना, असाच एक करार होता. मास्तरकी म्हणजे कमी पगाराची, पण खात्रीची नोकरी. १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतील शिक्षकांनाही संस्थाचालकांच्या लहरीपासून काही संरक्षण मिळाले. त्या कराराची कलमे एकेक करून कोणी खोडली? २००० सालापासून 'शिक्षणसेवक' नावाची नवी जात सरकारने निर्माण केली. शिक्षकाचे पूर्ण काम करून तीन वर्षे मानधनावर राहावयाचे. प्राथमिक शाळेतील या सेवकास २०२२ संपेपर्यंत महिना ६,००० रुपये मिळत होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. शाळांना मान्यता देताना 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारण्यात आला. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ साली निघाला, पण अनुदान मात्र वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी आणि दर हप्त्यास आंदोलन झाल्यावरच मिळत राहिले. जुलै २०२५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, हे शिक्षक आझाद मैदानावर त्याच पुढच्या हप्त्यासाठी बसले होते. त्यांत चाळिशी ओलांडलेली माणसे होती. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या सर्वांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. ते परत मिळावे म्हणून तर २०२३ चा संप होता! निवृत्तिवेतनाचा बोजा राज्यास झेपेल का, हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न आहे. सोंग सगळ्याचे आणता येते, पैशाचे येत नाही, हे आम्ही जाणतो. सरकारने पुढे सुधारित योजनाही जाहीर केली. परंतु कराराची आपली बाजू आपणच मोडायची आणि दुसऱ्यास त्याची बाजू पाळावयास कायद्याने भाग पाडायचे, यास न्याय म्हणत नाहीत.

शाळेतील अध्यापन खंडित कोण करतो, हा हिशेबही एकदा व्हावयास हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरविले. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढी कामे सोडून शिक्षकांस अन्य कामाला जुंपण्यास मनाई केली. ही तीन कामेच लहान नाहीत. मतदार याद्यांचे काम तर वर्षभर सरत नाही. त्यांखेरीज माहिती भरावयाची असते, छायाचित्रे पाठवावयाची असतात, तांदळाचा साठा आणि खिचडीचा हिशेब ठेवावयाचा असतो. दोनशिक्षकी शाळेतील एक मास्तर तालुक्याच्या बैठकीस गेला की चार इयत्ता दुसऱ्याच्या पदरी येतात. संपाने बुडालेले दिवस सर्वांना दिसतात, कारण त्यांच्या पुढे घोषणा असतात. या कामांनी बुडालेले तास मोजण्याची तसदी कोणी घेत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. शिक्षकाकडे अन्य काम नसावे, हे काही आपल्याकडील सनातन तत्त्व नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनीच गावातील शिक्षकास हिशेबतपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल अशी कामे जोडून द्यावीत, असे सुचविले होते. पण त्यांचा हेतू त्यामुळे शिक्षकाची गावातील पत वाढावी आणि त्यास चार पैसे अधिक मिळावेत, हा होता. त्याच निवेदनात त्यांनी प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकास महिना १२ रुपयांहून कमी पगार असू नये, मोठ्या गावांत तो १५ किंवा २० असावा, असे रोखठोक आकडे दिले आहेत. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी आधी पगाराचा आकडा मांडला होता. आज कामे वाढली, पत वाढली नाही.

हे सर्व लिहून झाल्यावर शिक्षकांविषयी आम्हांस जे वाटते तेही लिहिले पाहिजे; आणि ते त्यांना आवडणार नाही.

परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची तपासणी यांवर बहिष्कार घालण्याचे शस्त्र आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. कारखान्यातील कामगार संप करतो तेव्हा मालकाचे नुकसान होते आणि त्या नुकसानीच्या दडपणाने मालक बोलणीस येतो. शिक्षकाच्या संपात मालकाचे काय जाते? सरकारचा उलट सात दिवसांचा पगार वाचतो. नुकसान होते ते त्या भांडणाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा मुलाचे, आणि दहावी-बारावीच्या वर्षी ते भरून येत नाही. म्हैस आणि रेडा यांच्या भांडणात झाडाचा काळ, असा हा प्रकार आहे. शिक्षक म्हणतील, परीक्षेच्या तोंडावरच सरकार ऐकते, एरवी आमची निवेदने फायलींत पडून राहतात. आम्हांस हे ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी बारावीच्या तपासणीवर बहिष्कार घातला आणि मार्चच्या आरंभी शिक्षणमंत्र्यांबरोबर बैठक होऊन तो मागे घेण्यात आला. वर्षानुवर्षे न झालेले काम आठ-दहा दिवसांत झाले! यात दोष आधी सरकारचा आहे, हे मान्य. पण त्यामुळे मुलाला ओलीस धरण्याचे समर्थन होत नाही.

दुसरे असे की, वेतन आणि निवृत्तिवेतन यांसाठी लाखो शिक्षक रस्त्यावर आले. विनाअनुदानित शाळेतील सहकारी तुटपुंज्या पैशांवर राबतो, त्याच्यासाठी अनुदानित शाळेतील शिक्षक किती दिवस शाळा सोडून बसले? वर्गात शिकवावयाचे राखून ठेवून शिकवणीत शिकविणाऱ्यांविरुद्ध संघटनांनी कधी ठराव केला? शिक्षकांच्या रिकाम्या जागांसाठी, म्हणजे मुलांच्या हितासाठी, एखादा संप झाला असता तर त्यामागे पालक उभे राहिले असते. समाजाची सहानुभूती आपण का गमावली, याचा विचार पुढाऱ्यांनी सभेत नव्हे, तर घरी बसून करावा.

आणि आमच्या वाचकांनीही एक गोष्ट मनाशी कबूल करावी. शिक्षकांना मेस्मा लावा असे जे म्हणतात, त्यांतील बहुतेकांची मुले ज्या शाळांत आहेत त्या संपात बंद पडत नाहीत. बंद पडणाऱ्या शाळांतून आपली मुले आपण केव्हाच काढून घेतली. ज्या घरातून तांब्याभर पाणी आपण भरत नाही, त्या घरच्या आडाविषयी आपण तावातावाने बोलतो आहोत.

मग करावयाचे काय? शिक्षकांचा काम थांबविण्याचा अधिकार तुरुंगाच्या धाकाने काढून घेऊ नये. परंतु त्याला मर्यादा घालाव्यात, आणि त्या दोन्ही पक्षांवर असाव्यात. इटलीने १९९० साली याविषयी जो कायदा केला तो आमच्या राज्यकर्त्यांनी पाहावा. तेथे शिक्षण ही अत्यावश्यक सेवा मानलेली आहे, तरीही संप निषिद्ध नाही. मात्र दहा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो आणि परीक्षांचे काम अडविता येत नाही. आपणही परीक्षा, तपासणी आणि शाळेतील आहार एवढ्या तीन गोष्टी संपाच्या कक्षेबाहेर ठेवाव्यात. मध्य प्रदेशात मंडळाच्या परीक्षांचे काम त्या हंगामापुरते अत्यावश्यक ठरविण्याचे पाऊल सरकारने उचललेले आहे. परंतु केवळ तेवढेच केले तर ते एका हाताने टाळी वाजविण्यासारखे होईल. शिक्षकाने परीक्षेचा काळ सोडावा, तर त्या बदल्यात त्याच्या मागणीचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागण्याची हमी त्याला मिळाली पाहिजे. निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक स्थायी लवाद असावा. मागणी दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने निवाडा द्यावा. आणि तो नाकारावयाचा असल्यास सरकारने विधिमंडळापुढे कारणे मांडून नाकारावा. मंत्र्यांच्या दालनात रात्री अकरा वाजता मिळणाऱ्या तोंडी आश्वासनांवर संप सुटतात आणि त्याच आश्वासनांच्या अपूर्ततेवर पुढचे संप उभे राहतात. ही रीत मोडण्याचा याहून सोपा उपाय आम्हांस दिसत नाही.

'अत्यावश्यक' हा शब्द सरकारला कायद्यात घालावयाचाच असेल, तर तो सरकारलाही लागू व्हावा. पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी जूनमध्ये शाळांची घंटा वाजेल त्या दिवशी, कोणत्या जिल्ह्यात शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, किती शाळा एका शिक्षकावर चालल्या आहेत आणि गेल्या वर्षी किती शिक्षकांना किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर पाठविले होते, याचे जिल्हावार पत्रक शिक्षण खात्याने प्रसिद्ध करावे. आमच्या पहिल्या पानावर त्याला जागा देण्याची आमची तयारी आहे.